तिची बाटली माझ्या सॅकमध्ये

मे महिन्यात पुण्याच्या ऑफिसात एसीखाली बसून आमच्या ग्रुपचा एकच विषय, हिमालय! रजा मात्र प्रत्येकाकडे मोजून चार. म्हणून मोठमोठे ट्रेक बाजूला ठेवले आणि ठरलं पराशर लेक. हिमाचलातल्या मंडीपासून पन्नासेक किलोमीटर, उंची २,७३० मीटर. सकाळी चढा, संध्याकाळी खाली. अकरा जण जमलो. त्यातल्या निम्म्यांचा सगळ्यात मोठा ट्रेक म्हणजे सिंहगड, तोही भज्यांसाठी.

बग्गी गावातून वाट सुरू होते. आधी ओढ्याच्या कडेने, मग देवदारांच्या जंगलातून सात-आठ किलोमीटर चढ. निघायचं होतं सातला, निघालो साडेनऊला. चहा, मॅगी, पुन्हा चहा आणि फोटो. दुपारी हवा बिघडते, असं गावातला वाटाड्या दोनदा म्हणाला. आम्ही माना डोलावल्या.

आणि मग नेहमीचंच. जिमवाले पुढे पळाले, त्यांच्यात मीही. 'अगं, पिकनिकच आहे' म्हणून जिला मी ओढून आणलं होतं, ती मैत्रीण मागे राहिली.

दीडच्या सुमारास झाडं संपून कुरणं लागली आणि टेकाडावरून तळं दिसलं. खरं सांगते, बोलायलाच सुचेना. हिरव्यागार वाटीत निळसर पाणी, त्यात गवताचं गोल बेट (हे बेट खरोखरच तरंगतं!) आणि काठावर पराशर ऋषींचं पॅगोडासारखं तीन मजली लाकडी मंदिर. ते मंडीच्या राजा बाणसेनाने तेराव्या-चौदाव्या शतकात बांधलं, असं मानतात. तळं पवित्र, त्यामुळे पाण्यात पाय बुडवायची हौस विसरा. पलीकडे बघते तर चक्क गाड्या उभ्या! रस्ता जवळपास वरपर्यंत येतो. चपला घातलेल्या एक आजी आमच्या ट्रेकिंग शूजकडे कौतुकाने बघत होत्या.

घसा कोरडा पडला म्हणून सॅक उघडली. हातात आली तिची बाटली. ओझं नको म्हणून सकाळी मीच घेतलेली.

तेवढ्यात समोरची धौलाधार ढगात गेली आणि हरभऱ्याएवढ्या गारा सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंतची पंचवीस मिनिटं मी देवळाच्या आडोशाला कशी काढली, ते मलाच ठाऊक. थांबल्याबरोबर उलटी निघाले. अर्ध्या तासावर गुराख्यांच्या दगडी खोपटात बाकीचे सहा जण दाटीवाटीने बसले होते. वाटाड्याही तिथेच. पुढच्यांची काळजी त्याला नव्हती, तो शेवटच्या माणसाबरोबर चालत होता. ती रागावलीसुद्धा नाही. अर्धी बाटली घटाघटा प्यायली आणि विचारलं, ''कसंय गं तळं?''

रागावली असती तर बरं झालं असतं.

पुन्हा वर गेलो, या वेळी ती सगळ्यात पुढे. तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग. साडेचारला पोचलो तेव्हा काठ गारांनी पांढरा झाला होता आणि गाड्याही कमी झाल्या होत्या. चालत उतरायला उशीर झाला होता, म्हणून जीपवाल्यांशी घासाघीस केली.

तुम्ही जाणार असाल तर बग्गीहून उजाडताच निघा आणि आपापलं पाणी आपापल्या पाठीवर ठेवा. आमची ती आता पुढच्या मेचा ट्रेक ठरवतेय. मला अजून विचारलेलं नाही.