एकतीस सेंटिमीटर

आमच्या शाळेतल्या पृथ्वीगोलाचा घेर बरोबर एक मीटर होता. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर. तेव्हा गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे 400 किलोमीटर. वाईत भूगोल शिकवताना वर्षानुवर्षं मी मुलांना दोरा ताणून अंतरं मोजायला लावली. लेक लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, त्या आठवड्यात मुंबई ते न्यूयॉर्क मी स्वतः मोजलं. 31 सेंटिमीटर, म्हणजे 12,500 किलोमीटरच्या आसपास. तेवढा दोरा कापून पर्समध्ये ठेवला.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर ही वाट अरबस्तान, सहारा, अटलांटिकवरून जाते. दोरा मात्र उत्तरेकडे ओढ घेतो. अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, स्वीडन, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि मग खाली लॅब्राडोर. बृहद्वृत्ताचा हा कंसच सर्वांत जवळचा. मुलांना ते पटायचं नाही. एखादा तरी पुन्हा मोजून बघायचाच.

लेकीला सातवा लागला तेव्हा तिने फोनवर विचारलं, "आई, कळा सुरू झाल्यावर कळवलं तर किती वेळात येशील गं?" ती सहज बोलली होती. मी फोन ठेवला आणि वही घेऊन बसले. वाई ते मुंबई अडीचशे-एक किलोमीटर, त्याला सहा तास. विमानतळावर तीन तास आधी. विमानाचे सोळा. उतरल्यावर तपासणी आणि सामान, दीड तास. साडेसव्वीस! त्यातही त्याच दिवशीचं तिकीट मिळालं तर. दोऱ्यावर वाई-मुंबई अंतर एक सेंटिमीटरही भरत नाही, आणि त्याला सहा तास जातात, हे त्या दिवशी मला फार लागलं. महिनाभर आधीचं तिकीट काढलं.

2018 चा जानेवारी. वाशीच्या खाडीपुलावर समोर सूर्य बुडताना पाहिला. विमान रात्री दीडला सुटलं. उंचावर पश्चिमेकडून वाहणारे वारे हिवाळ्यात फार जोरात असतात. जाताना ते अंगावर येतात, परतताना पाठीशी. येतानाचा प्रवास म्हणूनच दीडेक तासाने लवकर उरकतो. हे सगळं मी फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नव्हती, कारण मलाच ती सुचली नव्हती.

जाग आली की मी खिडकीचं झाकण वर करायची. काळोख. मनगटावर सकाळचे दहा वाजले, पडद्यावरचं विमान स्वीडनवर पोचलं, तरी काळोखच. रात्र पश्चिमेला सरकत होती आणि आम्ही तिच्यासोबत धावत होतो. त्यात वाट उत्तरेची, जिथे जानेवारीत मुळातच दिवस उशिरा उगवतो. शेजारची माणसं झोपली होती. कुणाला तरी हलवून हे सांगावंसं मला फार वाटलं.

सातच्या सुमारास न्यूअर्कला उतरलो. तपासणीकडे जाणाऱ्या लांबलचक मार्गिकेत काचेपलीकडे लाल कड वर आली. वाशीनंतरचा तो पहिला सूर्य. मी घड्याळ बदललं नव्हतं. त्यात सहाला दहा कमी होते. वाईत आता दिवेलागण होत असेल.

बाहेर लेक एका हाताने कंबर धरून उभी होती.