दाजींच्या कानासाठी एक डबी



सुरतेत 'खातं' म्हटलं की आम्हा बँकवाल्यांना एक आठवतं आणि बाकी गावाला दुसरंच. इथे खातं म्हणजे लूमचं खातं. उधना–जळगाव लाईनने नंदुरबार, अमळनेर, धरणगावकडून आपली किती माणसं आली आणि उधना, पांडेसरा, लिंबायतच्या खात्यांत लागली! आमचे दाजी त्यांतलेच. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पस्तीस वर्षं धोट्याच्या मागांमध्ये काढली, तीही बारा-बारा तासांच्या पाळीत. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागांच्या रांगेत ती सहज ओलांडली जाते, आणि दाजींच्या वेळी कानात बोळा घालायचा तर तो आपल्याच धोतराच्या चिंधीचा.

रिटायर झाल्यावर या खटखटीचं बिल आलं. टीव्हीचा आवाज वाढत गेला. नातवाची दहावी, सुनेला सकाळी लवकर उठायचं, खाली शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. रोज रात्री वाद. शेवटी दाजींनीच टीव्ही बघणं सोडलं आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. ताई मला म्हणाली, "अरे, हा माणूस घरात असून नसल्यासारखा झालाय." ते वाक्य मला लागलं.

कानाचं मशीन घेऊन झालं होतं. ते कपाटात पडून होतं, कारण "त्यात नुसती गडबड ऐकू येते." मी दाजींना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऑडिओग्रामचा कागद समोर ठेवला. डावीकडे रेघ बरी होती, उजवीकडे ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजात काम केलेल्यांचं असंच होतं. जाड आवाज शाबूत राहतो, बारीक जातो. म्हणजे 'आ', 'ओ' ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'क' गळतात. माणसाला कळतं की कोणीतरी बोललं, काय बोललं ते कळत नाही. मग टीव्ही कितीही मोठा केला तरी 'आ'च मोठा होतो, 'स' तिथेच.

मी बी.कॉम. माणूस, इंजिनियर नव्हे. पण कॉलेजच्या वयात ट्रान्झिस्टर रेडिओचे किट जोडायचा नाद होता, आणि सोल्डरिंगची इस्त्री अजून आहे. हेडफोनसाठी छोटा अँप्लिफायर घरी करता येतो हे ठाऊक होतं. अमेरिकेत चू मॉय नावाच्या गृहस्थांनी असा एक सोपा आराखडा मांडला होता. हौशी लोक तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवतात आणि 'सीमॉय' म्हणतात. त्याच धर्तीवर मी दाजींच्या मापाचा करायचं ठरवलं.

अँप्लिफायर कशाला, हेडफोन थेट का नाही लावायचा? सेट-टॉप बॉक्सच्या मागे लाल-पांढरी छिद्रं असतात. टीव्ही एचडीएमआयने जोडलेला असेल तर ती रिकामीच असतात. त्यांत आवाज आहे, पण जोर नाही. पासबुकात शिल्लक दिसते आणि काढायला गेलं तर मिळत नाही, तसं. ३२ ओहमचा हेडफोन जेवढा करंट मागतो तेवढा तिथून निघत नाही. तो पुरवणं हे अँप्लिफायरचं काम.

सामान सांगतो. एनई ५५३२ हा आठ पायांचा आयसी; एकाच्याच पोटात डावा-उजवा दोन्ही अँप्लिफायर. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्यांच्या मधला जोड म्हणजे ग्राउंड. घरची वीज नाही, त्यामुळे शॉकची भीती नाही आणि गुणगुणही नाही. १० किलोओहमचा दुहेरी व्हॉल्यूम पॉट, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, स्विच, लाल दिवा, हेडफोनचं सॉकेट, व्हेरो बोर्डचा तुकडा. आयसीच्या बॅटरीच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावायचे, नाहीतर शिट्टी मारतो. हेडफोन सोडून सगळं ₹४०० च्या आत झालं.

दाजींसाठी खास गोष्ट एकच. आवाज किती पट वाढवायचा हे दोन रेझिस्टर ठरवतात, १० किलोओहम आणि ४.७ किलोओहम. त्या ४.७ च्या शेजारून मी २.२ किलोओहम आणि २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक जोडून ग्राउंडला नेला. कपॅसिटर जाड सुरांना अडवतो, बारीक सुरांना वाट देतो. त्यामुळे जाड आवाज साधारण तिप्पट होतो, आणि ४००० हर्ट्झच्या आसपासचा सहापट. ऑडिओग्राममध्ये खड्डा होता तिथेच भर टाकली.

एक काळजी घ्यायलाच हवी होती. उरलेले कान याच डबीने घालवायचे नव्हते. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, एवढी मर्यादा सांगते. म्हणून दोन्ही बाजूंना पॉटच्या आधी २२ किलोओहम आणि हेडफोनच्या आधी ४७ ओहमचे रेझिस्टर टाकले. पॉट पूर्ण पिळला तरी आवाज एका हद्दीपुढे जात नाही.

पहिल्या रात्री ताईची मालिका चालू होती. दाजींच्या कानावर हेडफोन चढवला आणि पॉट हळूहळू फिरवला. सून आपल्या नेहमीच्या आवाजात ऐकत होती, दाजी आपल्या. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकू येस ना! ती बाई 'सासू' म्हणतेय. मला इतके दिवस 'आऊ'च ऐकू यायचं!" ताई हसता हसता आत निघून गेली. पदर डोळ्याला लावलेला मी पाहिला.

आता रोज दोनेक तास दाजी सगळ्यांबरोबर बाहेर बसतात. बॅटऱ्या दोन आठवडे जातात, बदलायचं काम नातवाकडे.

ही डबी म्हणजे कानाचं मशीन नव्हे. तिने टीव्ही ऐकू येतो. चार माणसांतलं बोलणं येत नाही. पण महिनाभराने दाजींनी स्वतःहून कपाटातलं मशीन मागितलं. 'स' कसा असतो ते परत आठवल्यावर त्या गडबडीतूनही तो शोधावासा वाटला असेल. मशीन त्यांच्या ऑडिओग्रामप्रमाणे पुन्हा लावून आणलंय, सवय करतायत. आपणही त्यांच्याशी समोर बसून, तोंड दिसेल असं, ओरडता न बोलायचं, हे घरात सगळ्यांना सांगितलंय.

तुमच्या घरात खात्यात राबलेलं कोणी असेल तर आधी ऑडिओग्राम काढा, मग डबीचं बघू. जोडणीचा कागद हवा असेल तर पाठवीन. आणि आजही जी पोरं पाळीला जातात, त्यांच्या खिशात फोमच्या बोळ्यांची जोडी टाका. चहाच्या पैशांत येते.