शिगेची अधोली

माळ्यावरील अडगळ काढताना सूनबाईंनी परवा एक गंजलेली लोखंडी अधोली भंगारवाल्याच्या हवाली केली, आणि मी ओटीवरून उठेपर्यंत त्याची गाडी निजामपूर रस्त्याला लागलीही होती. त्यांचा दोष नाही. दोन शेरांचे माप ओळखणारे घरात आता माझ्याखेरीज कोणी उरलेले नाही.

माणगावाभोवतीच्या खाचरांतील भात झोडून झाले, की खळ्यावर राशीशेजारी खोताचा कारकून येऊन बसे. मापारी ‘लाभ’ म्हणून पहिली अधोली टाकी, मग दोन, तीन असा स्वर लावी, आणि खोताच्या वाट्याचे माप भरताना अधोली राशीत खोल दाबून, वर दोन्ही तळव्यांनी दाणे रचून, ते कडांवरून ओघळू लागेपर्यंत शीग चढवी. पावसाळ्यात खोताच्या घरून खावटी मिळे तेव्हा मात्र अधोलीवरून लाकडी पट्टी फिरे. वडील बोलत नसत. कारकुनाच्या तोंडाकडे न पाहता ते शिगेच्या टोकाकडे पाहत राहत, आणि त्यांची ती दृष्टी अजूनही रात्री-अपरात्री मला जागे करते.

आमच्याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागेजवळील चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी खोतांची शेते कसण्याचे नाकारले व उपासमार सोसून ती माणसे १९३९ पर्यंत हटली नाहीत, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे नवे पैसे चलनात आले त्याच दिवशी, कूळकायद्यान्वये कसणारा मालक ठरला, हे सारे मी पुढे पुस्तकांत वाचले. सातबारावर नाव चढल्याचे कळले त्या दिवशी वडिलांनी चावडीवरून परतताना बाजारातून स्वतःची अधोली विकत आणली, एवढेच मी डोळ्यांनी पाहिले. थोड्याच वर्षांत किलो-लिटरचा अंमल आला आणि ज्या मापासाठी त्यांनी जन्मभर वाट पाहिली ते बाजारातून बाद झाले.

आईने ते स्वयंपाकघरात नेले. शेजारणीला उसने तांदूळ देताना ती शीग लावी, परत घेताना बोटाने सपाट करी. “अगो, उसन्याला कसली शीग?” असे वडील एकदा म्हणाले, तेव्हा मान वर न करता ती उत्तरली, “सपाट अधोलीवर पोरं जगवलीत मी. मला नका शिकवू.”

त्या खोताचा नातू माझ्याच वयाचा आहे. संध्याकाळी आम्ही दोघे रेल्वे स्थानकापर्यंत फिरायला जातो. त्याचे गुडघे गेले आहेत, माझी दृष्टी मंदावली आहे, म्हणून रस्ता ओलांडताना तो माझा दंड धरतो आणि चढावर मी त्याचा. खळ्यावरची गोष्ट मी त्याच्यापाशी कधी काढलेली नाही. त्याच्या आजोबांवरचा राग माझ्या मनात यत्किंचितही निवलेला नाही; तरी तो दोन दिवस दिसला नाही, की मीच काठी घेऊन त्याच्या दारी जातो.