बोरीबंदरचा स्टीव्हन्स

विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला पोचलेला आमच्याकडचा माणूस आधी बॅग सांभाळतो, मग टॅक्सी शोधतो. स्टेशनच्या इमारतीकडे मान वर करून बघायला फुरसत कुणाला? मी मात्र निवृत्तीनंतर एकदा समोरच्या फुटपाथवर चांगला तासभर उभा राहिलो. लोकांनी धक्के मारले, ते सोडा.

ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची. इंग्लंडातल्या बाथ गावचा हा माणूस १८६७ साली इथल्या सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आला. १८७८ मध्ये स्टेशनचं काम सुरू झालं, ते पुरं व्हायला दहा वर्षं लागली. खर्च १६ लाखांच्या वर. राणीच्या सुवर्णमहोत्सवाचं १८८७ साल साधून 'व्हिक्टोरिया टर्मिनस' नाव दिलं. १९९६ मध्ये ते 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. आमची पिढी अजून बोरीबंदरच म्हणते.

घुमटावर हात उंचावलेली दगडी बाई आहे, तिचं नाव 'प्रगती'. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. (आमच्या कऱ्हांडल्याचाच असणार!) पण मी रेंगाळलो ते मोर, माकडं, पानंफुलं बघत. ही कोरीव कामं जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेली. मास्तराला याचं अप्रूप वाटणारच. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव नावाचे आपले अभियंतेही होते. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

माझ्या वर्गात एका गवंड्याचा मुलगा होता. गावातली इमारत कोणी बांधली असं विचारलं की मुलं मालकाचं नाव सांगत. हा एकदा म्हणाला, "सर, माह्या बापानं ज्याईचं घर बांधलं, तेच आता त्याले पानी बाहेर देतेत." वर्ग गप्प झाला. त्यानंतर मी तो प्रश्न "कोणी बांधवली आणि कोणी बांधली" असा दोन भागांत विचारू लागलो. दुसऱ्या भागाला मुलं घरी जाऊन चौकशी करून येत.

स्टीव्हन्सनं पुढे समोरचीच मुंबई महापालिकेची इमारतही केली, ती १८९३ मध्ये पुरी झाली. १९०० साली तो मुंबईतच मलेरियानं गेला. शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं आहे. पुढच्या खेपेला तिकडे जायचं म्हणतो, गुडघ्यांनी साथ दिली तर.