कंसातल्या आत्या

आज दिवसभर जमिनीचे जुने फेरफार चाळले. चाकण पट्ट्यात जमिनीला भाव आला तसे घरोघरी ट्रंकांतले कागद बाहेर पडले, आमचेही पडले. सातबारा आता महाभूलेखवर घरबसल्या दिसतो. पण खरी हकीकत त्यावरच्या फेरफार क्रमांकांत दडलेली. एकेक क्रमांक धरून मागे जायचं.

आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं. एकत्र कुटुंबाचे मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं, हिस्सा सगळ्यांचा. ते गेल्यावर वारसनोंद झाली. मुलगे कब्जेदार सदरी, दोन्ही आत्या 'इतर हक्कां'त. पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्र, आणि आत्यांच्या नावांना कंस, म्हणजे नावं कमी झाली. जबाबावर दोघींचे अंगठे आहेत. रक्कम कुठेच नाही.

महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला. पण आधीच हक्क सोडून बसलेल्या बाईला त्याचं काय? आत्यांनी हक्क सोडला तेव्हा ही जमीन बाजरी-हुलग्याचं माळरान होती. माहेर तुटायला नको म्हणून बायका मागत नसत, आणि मागितलं नाही म्हणून कुणी देत नसे. आता बांधापलीकडून कंपन्यांचे कंटेनर जातात.

सातबारा महसुलासाठी, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, असं वकील सांगतात. असेल. धाकटी आत्या अजून आहे. विक्रीचा विषय निघाला तर तिला आधी बोलवायचं, सहीपुरतं नव्हे, हिश्शासाठी. भावकीत हे मीच बोलणार. वाईटपणा येईल, येऊ दे.