जेवणाबरोबर स्वस्त आणि मस्त वाईन: एका डॉक्टरची कबुली



माझा दवाखाना बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. सर्दी-खोकला, बीपी, शुगर, गुडघे हे माझे रोजचे विषय. पण गेल्या काही वर्षांत एक प्रश्न नेमाने येऊ लागला आहे. तपासणी झालेली असते, पेशंट दारापर्यंत गेलेला असतो, आणि मग मागे वळून हळू आवाजात विचारतो, "डॉक्टर, जेवताना थोडी वाईन घेतली तर चालते ना? हृदयाला चांगली असते म्हणतात."

पुढचा प्रश्न अस्सल पुणेरी असतो: "फार महाग नको, पण बरी अशी कुठली घ्यावी?"

आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देणार आहे. त्याआधी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते, कारण हा लेख त्या चुकीमुळेच लिहिला आहे.

"थोडी चालते हो"

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तपकीर गल्लीत आयुष्यभर इलेक्ट्रिकचं दुकान चालवून निवृत्त झालेले एक काका माझे पेशंट होते. वय ६६. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू होत्या. आयुष्यात दारूला कधी हात लावलेला नव्हता. सोमवारच्या गर्दीत त्यांनी मला वरचा प्रश्न विचारला. बाहेर वीस माणसं बसली होती. मी मान वर न करता म्हणाले, "थोडी चालते हो."

दोन महिन्यांनी रात्री साडेदहाला काकूंचा फोन आला. "डॉक्टर, ह्यांना चढलीये बहुतेक. काहीतरी असंबद्ध बोलताहेत, घामाने भिजलेत. मुलगा म्हणतो, झोपू दे, सकाळी उतरेल."

घाम हा शब्द ऐकला आणि मी म्हणाले, "झोपू देऊ नका. आधी मशीनवर शुगर बघा." शुगर निघाली ४८. काका शुद्धीत होते, गिळू शकत होते, म्हणून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजायला सांगितली आणि मी त्यांच्या घरी निघाले. पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासली, काहीतरी खायला दिलं आणि रात्रभर देखरेखीसाठी रुग्णालयात नेलं. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली शुगर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून ही खबरदारी. काका सुखरूप घरी आले.

झालं काय होतं? त्या दिवशी त्यांनी संध्याकाळची गोळी घेतली आणि जेवणाआधी वाईन घेतली. जेवण उशिरा, तेही दोन घास. आणि वाईन एक ग्लास नव्हे, तीन. का? तर बाटली आदल्या दिवशी उघडली होती, "उघडल्यावर खराब होते म्हणतात, आता एवढे पैसे घातलेत तर टाकायची कशी?"

पोटात अन्न नसताना शुगर टिकवून ठेवण्याचं काम यकृत करतं. अल्कोहोल आलं की यकृत ते निस्तरण्यात गुंततं आणि नवी साखर तयार करण्याचं काम मंदावतं. त्यात शुगर उतरवणारी गोळी पोटात. उतरलेली शुगर आणि चढलेली दारू बाहेरून अगदी सारखी दिसतात: अडखळती जीभ, तोल जाणं, असंबद्ध बोलणं. त्यात तोंडाला वास असला की घरच्यांचा समज पक्काच होतो. त्या रात्री काकूंनी फोन केला नसता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

चूक काकांची नव्हती. "थोडी" म्हणजे किती, कशाबरोबर, कोणी आणि कोणी अजिबात नाही, हे मी सांगितलंच नव्हतं. ते आज सांगते.

वाईन औषध आहे का?

नाही. इतकं स्पष्ट लिहिण्याचं कारण असं की "हृदयाला चांगली" ही समजूत फार खोल रुजली आहे. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, याचं श्रेय रेड वाईनला देणारी चर्चा १९९१ च्या सुमारास अमेरिकन टीव्हीवरून जगभर पोहोचली. पुढे लक्षात आलं की "थोडी पिणारे" आणि "अजिबात न पिणारे" यांची तुलनाच सदोष होती. न पिणाऱ्यांच्या गटात असेही बरेच जण होते, ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती. आणि बेताने वाईन पिणारे लोक बहुधा सुस्थितीतले, बरं खाणारे, वेळेवर तपासण्या करणारे होते. तब्येत चांगली राहण्याचं कारण ग्लासात नव्हतं, बाकीच्या जगण्यात होतं.

"पण त्यात रेझव्हेराट्रॉल असतं ना?" असतं. एका लिटरमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम. ते शेंगदाण्यातही असतं, पण म्हणून दाण्याच्या चटणीला कोणी हृदयाचं औषध म्हणत नाही.

दुसरी बाजूही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्त्रियांमध्ये स्तन, या कर्करोगांशी त्यांचा संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये याच संघटनेने स्पष्ट म्हटलं की आरोग्याच्या दृष्टीने अल्कोहोलचं पूर्ण सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. प्रमाण कमी तर धोका कमी, एवढंच खरं.

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" असं खूप ऐकू आलं. शरीराला हा फरक कळत नाही. वाईनमधलं अल्कोहोल आणि व्हिस्कीतलं अल्कोहोल एकच. फरक फक्त प्रमाणाचा.

आमच्या घरातलंच उदाहरण देते. माझ्या सासूबाई वाईनचं नाव काढलं तरी नाक मुरडायच्या, पण भूक लागत नाही म्हणून द्राक्षासव घ्यायच्या. मी एकदा बाटलीवरचं लेबल वाचून दाखवलं, त्यात आंबवताना तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, ते औषध आहे!" आसव औषधाच्या मापाने, चमच्याने घेतात. वाईन मात्र कोणी चमच्याने घेत नाही.

हिशेब असा करा

१५० मिली वाईन (१२ टक्के) = सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल.
३० मिली व्हिस्की (४२.८ टक्के) = सुमारे १० ग्रॅम.
६५० मिली स्ट्राँग बिअर (८ टक्के) = सुमारे ४१ ग्रॅम.
७५० मिलीची वाईनची अख्खी बाटली = सुमारे ७० ग्रॅम.

म्हणजे वाईनचा एक ग्लास हा व्हिस्कीच्या एका छोट्या पेगपेक्षा जास्तच भरतो. एका ग्लासात साधारण १२० कॅलरी, गोड वाईन असेल तर आणखी जास्त. ब्रिटनमध्ये २०१६ पासून आठवड्याला जास्तीत जास्त ११२ ग्रॅम, तेही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून, असा सल्ला आहे. म्हणजे आठवड्याला साधारण आठ ग्लास. ही वरची हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. माझा सल्ला याहून बराच कमी: आठवड्यातून एक-दोन दिवस, एक-एक ग्लास. आणि घरातल्या मापाने १५० मिली एकदा मोजून बघाच. आपण "एक ग्लास" म्हणून ओततो ते किती जास्त असतं, हे बघून मलाही धक्का बसला होता.

मग मी स्वतः पिते का?

हो. महिन्यातून दोन-तीन रविवारी, रात्रीच्या जेवणाबरोबर, मी आणि माझा नवरा एक-एक ग्लास घेतो. औषध म्हणून नाही, आवडते म्हणून. आवडीसाठी पत्करलेला हा छोटा धोका आहे आणि तो मला माहीत आहे.

सुरुवातीला बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचो. लक्ष्मी रस्त्यावर कोणी पेशंट भेटला तर काय म्हणेल, ही धास्ती. आणि गंमत बघा, ज्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत "वाईन्स" लिहिलेलं असतं, तिथे वाईन सगळ्यात कोपऱ्यात, धूळ खात पडलेली असते!

आपल्याला दूर जायची गरज नाही. नारायणगावला १९८० च्या दशकात वाईनचा कारखाना उभा राहिला, नाशिकलाही वाईनची द्राक्षं लागली, अकलूजकडेही आज वाईन होते. पाचशे ते आठ-नऊशे रुपयांत बरी देशी बाटली मिळते. परदेशी बाटलीचे निम्मे पैसे कराचे आणि प्रवासाचे असतात, चवीचे नव्हे.

आमच्या चुकत-माकत झालेल्या शोधातून हाती लागलेलं असं:

१. तिखट जेवणाबरोबर घट्ट रेड नको. अल्कोहोलमुळे तिखट जास्त झोंबतं आणि रेडमधला तुरटपणा त्यात भर घालतो. पिठलं-भाकरी आणि ठेच्याबरोबर महागडी रेड घेऊन आम्ही एक रविवार वाया घालवला.

२. रोजच्या मराठी जेवणाला थंड, किंचित गोडसर पांढरी वाईन जमते. नाशिककडची शेनिन ब्लां बऱ्याचदा अशीच असते. गूळ-आमसुलाची आमटी, भरली वांगी, मटार उसळ यांच्याबरोबर छान लागते.

३. कोथिंबीर वडी, तळलेले बोंबील, लिंबू पिळून खायचं काहीही असेल तर आंबटसर सोव्हिन्यों ब्लां. माशांबरोबर तुरट रेड घेतली की तोंडात लोखंडासारखी चव येते.

४. थालीपीठ, भाजणीचे वडे, चिकनचा साधा रस्सा यांना थंड गुलाबी वाईन चालते. मटण असेल तरच शिराज, आणि तीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून. पुण्याच्या एप्रिलमध्ये "खोलीच्या तापमानाला" प्यायची ती युरोपातल्या खोलीची गोष्ट!

५. लेबलवरचं साल बघा. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. स्वस्त पांढरी वाईन जितकी ताजी तितकी चांगली, ती "मुरवायची" नसते. उन्हात किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नका.

६. गोड "पोर्ट" सगळ्यात स्वस्त असते, पण तिच्यात साखर भरपूर. मधुमेहींनी त्या वाटेला जाऊ नये.

७. उघडलेली बाटली संपवायची घाई नको. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. काही वाईनच्या ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्याही मिळतात. आणि उरलीच, तर मटणाच्या रश्श्यात घाला, नाहीतर सरळ ओतून द्या. शंभर रुपयांची वाईन मोरीत गेली तर जाऊ दे, त्यापेक्षा रुग्णालयातली एक रात्र कितीतरी महाग पडते.

कोणी अजिबात घेऊ नये?

- इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड वगैरे) घेणाऱ्यांनी, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय.
- फॅटी लिव्हर, कावीळ, स्वादुपिंडाचा आजार, खूप वाढलेले ट्रायग्लिसराइड्स असणाऱ्यांनी.
- गरोदर स्त्रियांनी आणि गरोदरपणाची तयारी करणाऱ्यांनी.
- झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडॅझोल, वॉरफरिन चालू असताना.
- स्वतःला किंवा घरात कोणाला व्यसनाचा त्रास झालेला असेल तर.
- त्यानंतर गाडी चालवायची असेल तर. दुचाकीसुद्धा.
- २१ वर्षांखालच्यांनी. कायदाही तेच सांगतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: आजवर प्यायला नसाल, तर तब्येतीसाठी म्हणून सुरू करू नका.

शेवटी

ते काका अजूनही येतात. गोळ्या बदलल्या, शुगर ताब्यात आहे, वाईन बंद. बरे झाल्यावर पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या डॉक्टर, मला ती आवडतही नव्हती. कडू लागायची. तुम्ही चालते म्हणालात म्हणून औषधासारखी घेत होतो."

हे ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. न आवडणारी गोष्ट, माझ्या एका वाक्यासाठी, नाक दाबून!

म्हणून आता कितीही गर्दी असली तरी हा प्रश्न आला की मी पेशंटला परत खुर्चीत बसवते. तुम्हीही दारातून विचारू नका. आत बसा, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, खरं किती घेता ते सांगा. आम्ही रागावत नाही. आणि घरात कोणी मधुमेही वाईन घेऊन असंबद्ध बोलू लागला, तर "चढली असेल" म्हणून झोपू देऊ नका. आधी शुगर तपासा. मशीन नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.