'तुरळक ठिकाणीं' म्हणजे कोठें?

पावसाळा जवळ आला कीं आमच्या वर्गांतील फळ्याच्या एका कोपऱ्यांत रोज दोन ओळी लिहिल्या जातात. मुलेंच त्या पाळीपाळीनें लिहितात. पहिली ओळ हवामान खात्याच्या अंदाजाची. दुसरी शाळेच्या आवारांतील पर्जन्यमापकांत सकाळीं ८.३० वाजतां मोजलेल्या गेल्या २४ तासांतील पावसाची. या दोहोंचा मेळ बसला नाहीं म्हणजे वर्गांत हंशा पिकतो. "सर, खातें पुन्हां चुकलें!" हा शेरा आम्हीं इतक्यांदा ऐकला आहे कीं, त्यासंबंधीं चार शब्द लिहिणें आम्हांस आवश्यक वाटतें.

आपलें छत्रपति संभाजीनगर सपाटी व डोंगर यांच्या सीमेवर वसलेलें आहे. दक्षिणेस पैठणकडे गोदावरीकांठचें काळें रान पसरलें आहे. वायव्येस दौलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ अशी डोंगरांची ओळ चढत जाते. उन्हानें तापलेल्या सपाटीवरील हवा वर चढते. दमट वारा डोंगराच्या अंगास अडून वर ढकलला जातो. वर गेलेली हवा थंड होते व तिच्यांतील बाष्पाचे ढग बनतात. म्हणून एकाच दुपारीं म्हैसमाळावर मेघगर्जना व्हावी आणि पैठणच्या वाटेवर धूळ उडावी, यांत मुळींच नवल नाहीं. गर्जणारा एक मेघ कांहीं थोड्या किलोमीटरांचा असतो. जिल्हा त्याहून कितीतरी मोठा.

हें जाणूनच १८७५ सालीं स्थापन झालेलें भारतीय हवामान खातें आपले शब्द तोलून वापरतें. 'तुरळक ठिकाणीं' पाऊस म्हणजे त्या भागांतील पर्जन्यमापन केंद्रांपैकीं फार तर चौथ्या हिश्शावर पाऊस. 'कांहीं ठिकाणीं' म्हणजे चौथाईहून अधिक, पण निम्म्यापर्यंत. 'बऱ्याच ठिकाणीं' म्हणजे निम्म्याहून अधिक, पण पाऊण हिश्शापर्यंत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच त्यास 'मुसळधार' म्हणावयाचें. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे या आंकड्याचें वजन कळतें. पिवळा रंग सावध राहावयास सांगतो, नारिंगी सज्ज राहावयास आणि लाल तत्काळ हालचाल करावयास.

कांहीं वर्षांपूर्वीं जून महिन्यांत डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यांतून येणारा आमचा एक विद्यार्थी चार दिवस शाळेस आला नाहीं. पांचव्या दिवशीं त्याच्याकडून कळलें कीं, वादळ आलें तेव्हां त्याच्या वडिलांनीं औत सोडून बैल बांधावरील लिंबाखालीं बांधले व आपण जवळच्या घराकडे धांव घेतली. वीज त्याच लिंबावर पडली. जोडी जागच्या जागीं गेली. ऐन पेरणीच्या तोंडावर ज्याची बैलजोडी जाते, त्याच्या घरीं काय होतें हें शेतकरी पालकांस सांगावयास नको. त्या दिवशीं फळ्यावर 'तुरळक ठिकाणीं विजांसह पाऊस' असे शब्द होते, आणि ते लिहिण्याची पाळी त्याच मुलाची होती. त्यानें आम्हांस हळूच विचारलें, "सर, तुरळक म्हणजे आमचेंच शेत होतें का?"

आम्हीं त्यास सांगितलें, "बाळ, तुरळक ठिकाण म्हणजे कोणाचें तरी शेत असतेंच."

आमच्या मतें अंदाज वाचण्याची खरी रीत हीच. १८६१ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट फिट्झरॉय यांनीं वर्तमानपत्रांतून हवामानाचे अंदाज प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हां खलाशांचे प्राण वांचावे हा त्यांचा हेतु होता. अंदाज चुकला कीं लोक त्यांचीहि थट्टा करीत. परंतु वादळाची सूचना मिळाल्यावर जो खलाशी बंदरांत थांबला आणि वादळ आलेंच नाहीं, त्याचा एक दिवस गेला. जो निघाला आणि वादळ आलें, त्याचें सर्वस्व गेलें. हे दोन तोटे सारखे नव्हेत.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, विजांची सूचना असेल त्या दिवशीं दुपारीं आकाशाकडे लक्ष ठेवावें. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर अंतर होतें. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. एकट्या झाडाचा आसरा घेऊं नये. गुरेंहि तेथें बांधूं नयेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें 'दामिनी' हें अॅप मोबाइलवर ठेवल्यास जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना मिळते. आणि मुलांनो, तुमचे आईवडील ज्या दिवशीं शेतांत जाणार असतील, त्या दिवशींचा अंदाज त्यांस सकाळींच वाचून दाखवा. पाऊस आला नाहीं म्हणून ते संध्याकाळीं तुम्हांस हंसले, तर त्यांच्याबरोबर तुम्हीहि खुशाल हंसा. सारीं माणसें घरीं सुखरूप आहेत, हें काय थोडें झालें?